गदेमागचा कोळी

"हलू नगंस. तुज्या डोक्यावर हाय," थोरल्या काकी म्हणाल्या.

मी हलत नव्हतेच. तीन दिवस मी त्याच जागी बसून होते, बाहेरच्या खोलीत, भिंतीतल्या फळीखाली पाठ टेकून. समोर, जिथे ह्यांना आणून ठेवलं होतं त्या जागेवर, समई जळत होती. सकाळीच रक्षाविसर्जन झालं होतं आणि आलेली माणसं शेजारच्यांनी आणलेला चहा पिऊन पांगत होती.

मी मान वर केली. फळीवर ह्यांची चांदीची गदा असायची, दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवलेली. गदेच्या गोलाला लागून एक कोळी बसला होता. जाळं विणणारा बारका कोळी नव्हे. भिंतीवर नुसता पाय पसरून बसतो तो, तपकिरी, पायांसकट तळहाताएवढा.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, मांडणीवरचा काचेचा मोठा ग्लास घेतला, खुंटीवरच्या पिशवीतून एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि परत आले. हे सगळं हातांनीच केलं, मी नुसती त्यांच्याबरोबर गेले.

"काय करतीस?" काकींनी विचारलं. त्या भावकीतल्या सगळ्यांत मोठ्या. मयतापासून बारशापर्यंत सगळं त्यांना विचारून व्हायचं.

"बाहेर टाकते."

"सुतकात जीव मारू न्हाई."

"मारत नाही. ग्लासात धरून बाहेर सोडते."

"सोडायचा बी न्हाई. बारा दिस कोन कुठल्या रूपानं घरात येतंय, तुला कळतंय व्हय? ठेव त्यो गलास."

"बरं," मी म्हणाले आणि ग्लास परत ठेवून आले. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायची मी त्यांना, समोरच्या भिंतीशी पडून होत्या. त्यांनी डोळे उघडून एकदा गदेकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ह्याला आता बावीस वर्षं झाली. त्या बारा दिवसांत कोण आलं, काय बोललं, मी काय खाल्लं, असं काही विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण कोळी कुठल्या दिवशी कुठे बसला होता ते सांगेन.

माझा नवरा, हिंदुराव, पैलवान होता. सहा फूट एक इंच आणि एकशे आठ किलो. कोल्हापूरच्या आसपासच्या जत्रांतून ह्यांची कुस्ती आहे म्हटलं की गर्दी व्हायची. ती गदा अशाच एका मैदानात मिळालेली. पुढे कुस्ती सुटली, तेव्हा एका डेअरीत नोकरी धरली आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत पोरांना शिकवायला लागले. अडतिसाव्या वर्षी, एका गुरुवारी सकाळी, मेहनत करून तालमीच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेले. मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. मला बोलवायला माणूस आला तेव्हा मी एका मुलीचं नाक पुसत होते. ते नीट पुसून झाल्यावर मी चपला घातल्या.

मी रडले नाही. मुद्दाम नव्हे. बायका येत, गळ्यात पडत, मोठ्याने रडत आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघत. त्यांना साथ मिळत नव्हती. काकी म्हणाल्या, बांगड्या काढ. मी बरं म्हणाले. शेजारच्या म्हणाल्या, दोन घास खा. बरं. कोणी म्हणालं, आडवी हो, बरं. त्या दिवसांत मला तेवढा एकच शब्द येत होता असं म्हटलं तरी चालेल.

आत्याबाई आमच्याकडेच राहायच्या. तेव्हा सत्तरीला आल्या होत्या, काडीसारख्या. दोन मुलगे, थोरले आनंदराव पिंपरीला कंपनीत आणि हे धाकटे. दुसऱ्या दिवशी त्या थोरल्या भावजींना म्हणाल्या, मला ऐकू येईल अशा बेतानं, किंवा मी ऐकतेय की नाही याची फिकीर न करता:

"हिच्या डोळ्याला पानी न्हाई, आनंदा. आट वर्सं संसार केला ह्याच्यासंगं, आन् टिपूस न्हाई. दगड हाय दगड. हिच्यासंगं मी कशी ऱ्हाऊ?"

त्यानंतर त्या बोलायच्याच थांबल्या. जेवायच्याही जवळजवळ थांबल्या.

थोरले भावजी माणूस सरळ. त्यांनी चौथ्या दिवशी माझ्यापुढे बसून नीट सांगितलं. "वैजयंता, आईला मी पिंपरीला नेतो. तू गडहिंग्लजला माहेरी जा काही दिवस. तुझ्या भावाशी बोललोय मी. घराला कुलूप लावूया, पुढचं पुढं बघू. चालेल नव्हं?"

"बरं."

काही दिवस म्हणजे काय ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आम्हाला मूल नव्हतं. आत्याबाई पिंपरीला गेल्या की आमचं एकमेकींशी नातं सांगायला कुणी उरत नव्हतं. आठ वर्षं आम्ही त्या तीन खोल्यांत राहिलो, मिठावरून आणि नळाच्या पाण्यावरून भांडलो, पण मूल झालं नाही यावरून त्या मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या, आणि बोलणाऱ्यांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. ते मी विसरले नव्हते. त्यांना जाऊ देऊ नये, असं मला वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. 'नको' म्हणायचं असेल तर बाराव्यापर्यंत वेळ आहे, हे डोक्याला कळत होतं, पण त्याचं पुढे काही होत नव्हतं. भावजींनी आत्याबाईंची बॅग सहाव्या दिवशीच भरून दाराशी ठेवली. मी तिला वळसा घालून जायचे.

कोळी चौथ्या दिवशी कॅलेंडरवर होता. पाचव्या दिवशी दाराच्या चौकटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बरोबर डोक्यावर. सहाव्या दिवशी न्हाणीघरात, साबणाच्या वाटीच्या वर. भावजी अर्ध्या अंगाला साबण लागलेला तसेच टॉवेल गुंडाळून बाहेर आले.

"काकी, मारू का ह्याला आता?"

"खबरदार."

"अहो, पण अंघोळ कशी करायची माणसानं?"

"त्यो काय तुला साबन मागतोय? कर जा."

भावजी कसेबसे अंघोळ उरकून आले आणि केस पुसत मला म्हणाले, "ह्या घरात कधी कोळी बघितला नव्हता मी. कधीबी आलो तर कोपरे लख्ख."

"मी काढायचे," मी म्हणाले.

"आणि हिंदू? त्याचा हात तर छताला लागायचा. त्यानं काढायचे की."

"त्यांना वेळ नसायचा."

आत्याबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा. मीही त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या पुन्हा वळल्या.

लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी लांब काठीला केरसुणी बांधून माझ्या हातात दिली होती. "रोज उठलं की आदी छत बघायचं, कोपरं बघायचं. मग चहाचं बघ," असं म्हणाल्या होत्या. मला वाटलं, सासू कडक मिळाली. तसं वाटणं फार दिवस टिकलं नाही, पण का ते पुढे सांगते.

सातव्या दिवशी कोळी पुन्हा गदेमागे आला आणि तिथेच राहिला. मी खाली, तो वर. समईच्या उजेडाला बारीक किडे यायचे, त्यांचं त्याला भागत असावं. मला त्याचा राग आला नाही, किळस आली नाही. तो तिथे नको आहे, एवढंच मला सारखं वाटायचं. बाकी कशाबद्दलही काही वाटत नसताना तेवढं एक वाटायचं. मध्येच माझे पाय मांडणीकडे निघायचे आणि काकी म्हणायच्या, "बस खाली." मी बसायचे.

आमच्या भावकीत एक रीत आहे. बाराव्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, समईशेजारी पाटावर जोंधळ्याचं पीठ चाळून पसरायचं, हातानं सारखं करायचं आणि त्यावर बुट्टी, म्हणजे वेताची टोपली, पालथी घालायची. सकाळी सगळ्यांसमोर ती उचलायची. पिठावर ज्याच्या पावलांची खूण उमटली असेल, त्या जन्माला आपलं माणूस गेलं असं समजायचं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी गाईचा खूर उमटला होता म्हणे. लग्न झाल्यावर मी ह्यांना एकदा विचारलं होतं की गाय बुट्टीखाली मावली कशी. तेव्हा हे इतके हसले की ठसका लागला, आणि मग म्हणाले, "आईपुढं बोलू नगंस हां हे."

अकराव्या दिवशी काकींनी पीठ चाळलं. आत्याबाई उठून बसल्या होत्या. पाटाकडे बघत होत्या.

"बैल उमटंल बग," काकी म्हणाल्या. "न्हाईतर वाघ. दुसरं काय हुनार तुजं लेकरू?"

"पाखरू आलं तरी चालंल," आत्याबाई म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला. "पाखरू बरं. उडून तरी जातंय. त्याला कशाचं भ्या न्हाई."

काकींनी बुट्टी घातली. आत्याबाईंनी बसल्या जागेवरून बुट्टीला हात जोडले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जेवण, बोलणं सगळं त्यांनी ह्यासाठी थांबवून धरलंय. त्यांना फक्त एवढंच कळायला हवं होतं, की आपला मुलगा जिथे गेला तिथे ठीक आहे.

सकाळी आठ वाजताच माणसं जमली. तालमीतून शिदू वस्ताद आले, ह्यांचे गुरू, ऐंशीचे, अजून पाठ ताठ. त्यांच्याबरोबर तालमीतले चार-पाच जण. बाहेरची खोली भरली. एवढी माणसं बसल्यावर खोली लहान वाटत होती, आणि हे असते तर अजून लहान वाटली असती. वस्ताद गदेखाली बसले, माझ्या जागेवर. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले.

फळीवर कोळी नव्हता. ते मी आधी पाहिलं.

काकींनी हळद-कुंकू वाहिलं, बुट्टीच्या कडेला हात घातला आणि उचलली.

पिठावर बारीक टिंबांच्या रेघा होत्या. एका कडेकडून निघून मध्ये गेलेल्या, वळलेल्या, परत आलेल्या, जणू कुणी सुईनं पाटभर टोचत फिरलं होतं. आणि मध्यभागी, पाय पिठानं पांढरे झालेला, तो बसला होता. बुट्टीच्या फटीतून रात्रीत आत शिरला असणार.

मग काकी हलकेच म्हणाल्या, "मी सांगत हुतो. मी सांगत हुतो का न्हाई? पैल्या दिवसापासनं त्यो त्या गदेजवळ बसलाय. वळखलं न्हाई आपुन."

भावजींनी हात जोडले. साबण लागलेल्या अंगानं आपण कुणाला मारायला निघालो होतो, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

शिदू वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले. "शोभलं," ते म्हणाले. "माज्या हिंदूला शोभलं. कोळ्याची पकड बगितलीया न्हवं? एकदा घावलं की सुटका न्हाई. पोरगं तसंच हुतं. आट हात असल्यागत धरायचं." त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. तालमीतली माणसंही डोळे पुसायला लागली. हा कोळी जाळं विणत नाही, नुसता भिंतीवर बसून असतो, हे वस्तादांना कोण सांगणार.

"कुनी हात लावायचा न्हाई," काकी म्हणाल्या. "आता ह्या घरात कोळी मारायचा न्हाई, काढायचा न्हाई. ह्यो हितंच ऱ्हानार. कुलूप लावलं तरी राखन करंल."

मी आत्याबाईंकडे पाहिलं.

त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळे त्या पाटावर खिळलेले. मान अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकी, नाही नाही अशी हलत होती. एवढ्या माणसांत त्यांचं काय चाललंय हे कळणारी मी एकटी होते.

आता सांगते.

लग्नाला नऊ दिवस झाले होते. मी दुपारी खोलीत गेले, तर माझा नवरा पलंगावर उभा. बनियन आणि लुंगी, डोकं पंख्याला लागेल म्हणून मान वाकडी. मला बघून त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं आणि मग त्या बोटानं कोपरा दाखवला. कोपऱ्यात असाच एक कोळी होता. त्यांना दरदरून घाम फुटला होता. मी हसणार होते, पण तो घाम बघून हसले नाही. ग्लास आणि लग्नपत्रिका घेऊन, आमच्याच लग्नाची होती ती, कोळी धरला आणि मागच्या अंगणात पेरूच्या पलीकडे नेऊन सोडला. परत आले तर हे पलंगावर नाहीत. न्हाणीघराला आतून कडी.

मी दारावर टकटक केलं. "काढला. या बाहेर."

आतून आवाज आला, "लांब टाकलास न्हवं?"

"पेरूच्या पल्याड."

मग कडी निघाली. "कुनाला सांगू नगंस," ते म्हणाले. "तालमीत कळलं तर उभं ऱ्हायला जागा उरायची न्हाई. आईला तेवडं ठावं हाय. लहानपनापासनं तीच काढायची."

आठ वर्षं तसंच चाललं. कोळी दिसला की हे न कळल्यासारखे उठून न्हाणीत जायचे, मी काढायची, दारावर टकटक करायची, तेच बोलायची, आतून तेच यायचं. शेवटी शेवटी कोळी नसतानाही ते गमतीनं विचारायचे. मी आत्याबाईंशी ह्यावर कधी बोलले नाही, त्याही माझ्याशी बोलल्या नाहीत. ती काठीला बांधलेली केरसुणी त्यांनी माझ्या हातात दिली, तेवढंच काय ते आमचं बोलणं.

आणि आता वस्ताद रडत होते, काकी हात जोडून बसल्या होत्या, आणि आत्याबाईंना दिसत होतं की ज्याला बघून त्यांचं पोर लहानपणी त्यांच्या कमरेला मिठी मारायचं, त्याच्याच अंगात त्याला घातलंय. आता ते स्वतःलाच भीत त्या गदेमागे बसणार. दाराला बाहेरून कुलूप आणि आत ते एकटं. आणि हे एवढ्या पैलवानांसमोर त्यांना बोलताही येत नव्हतं. मुलाची लाज राखायची म्हणून तोंडात पदर कोंबला होता.

मी आत गेले, मांडणीवरचा ग्लास घेतला, पिशवीतली पत्रिका घेतली आणि पाटापाशी येऊन बसले.

"वैजयंता," काकी म्हणाल्या, "हात लावू नगंस."

"बरं," मी म्हणाले आणि कोळ्यावर ग्लास पालथा घातला.

"अगं, त्यो कोन हाय कळतंय का तुला?"

मी पत्रिका पिठातून खाली सरकवली. रेघा पुसल्या. कोळी काचेवर चढला, त्याच्या पायांचं पीठ काचेला लागलं. भावजी "वैजयंता, वैजयंता" म्हणत उठले, पण मला धरावं की नाही हे त्यांना कळेना. मी ग्लास दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं अंगणात गेले. पेरूच्या पलीकडे, गटाराच्या कठड्यापाशी, पत्रिका काढून घेतली. तो थोडा वेळ बसून राहिला आणि मग कठड्यावरून पलीकडे गेला.

मी परत आले. मागच्या दारातून आत आलं की उजव्या हाताला न्हाणीघर, आणि समोर सरळ बाहेरची खोली. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. मी त्याच्यापुढे थांबले, दोनदा टकटक केलं आणि म्हणाले,

"काढला. या बाहेर."

मी हे ठरवून केलं नाही. ग्लास हातात होता, दार लोटलेलं होतं, आणि पुढचं तेच होतं. म्हणून झाल्यावर मी उत्तराची वाट बघत उभी राहिले. उत्तर आलं नाही. अकरा दिवस मला हे सगळे सांगत होते, समजावत होते, माझ्या बांगड्या काढून घेत होते, आणि ते गेलेत हे मला तिथे त्या दारापुढे कळलं.

शिदू वस्ताद हळूच भावजींना म्हणाले, "कुनाला म्हनली ती?"

तेव्हा आत्याबाईंनी तोंडातला पदर काढला.

"लांब टाकलास न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे वळले.

"पेरूच्या पल्याड," मी म्हणाले.

आणि मग न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून रडले. आत्याबाई भिंतीला धरत धरत उठल्या, माझ्यापर्यंत आल्या, आधी माझ्या हातातला ग्लास काढून घेऊन बाजूला ठेवला, फुटू नये म्हणून, आणि मग शेजारी बसून माझं डोकं मांडीवर घेतलं. मी किती वेळ रडले माहीत नाही. त्या माझ्या पाठीवर थोपटत होत्या, आणि त्याही रडत होत्या.

"काय बोलल्या ह्या दोघी?" बाहेरून काकींचा आवाज आला.

"घरातलं बोलनं हाय आमचं," आत्याबाई म्हणाल्या. "आन् त्या पाटावरची पावलं त्याची न्हवंत. उजेडाला आलेला किडा हुता. पीठ नदीत सोडा."

काकी पुढे वर्षभर आमच्याशी बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी सगळे विधी उरकून गेल्या, पंगत उठेपर्यंत थांबल्या, हेही खरं. वस्ताद जाताना गदेला हात लावून गेले. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि ते कळू नये असंच आम्हा दोघींना वाटत होतं. आता ते नाहीत, तालमीतही ह्यांचं कुणी नाही, म्हणून सांगतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजींनी बॅग उचलली. "आई, तीनची गाडी आहे. आवर."

"मी येत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे? असं कसं? इथं कोण आहे?"

त्या जेवत होत्या. भाकरी, वांग्याची भाजी आणि कांदा, पोटभर. भावजी माझ्याकडे वळले. "वैजयंता, तू तरी सांग तिला. आणि तुझा भाऊ संध्याकाळी येतोय तुला न्यायला. ठरलंय नव्हं आपलं?"

भावजी माझ्या बरं म्हणण्याची वाट बघत होते. आत्याबाईंचा हात ताटात थांबला होता.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही इथंच राहतो."

भावजींनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी ती आत नेऊन आत्याबाईंच्या कपाटापाशी ठेवली.

आठ-दहा दिवस गेले असतील. मी बालवाडीत परत जायला लागले होते. दुपारी घरी आले, तर आत्याबाई फळीसमोर उभ्या. मी त्यांच्या नजरेनं वर पाहिलं. गदेच्या मागून चार तपकिरी पाय बाहेर आलेले. तोच होता की दुसरा, कोण सांगणार. पेरू तसा घरापासून जवळच होता.

मी मांडणीवरचा ग्लास घेऊन आले, पत्रिका घेतली, स्टूल ओढलं.

"असू दे," आत्याबाई म्हणाल्या.

"काढते की. एका मिनिटाचं काम आहे."

"असू दे, वैजे. आता भ्यायला कोन हाय घरात?"

मी स्टुलावरून उतरले. ग्लास धुऊन मांडणीवर पालथा घातला आणि आम्ही दोघी जेवायला बसलो.